वेल कोणती, काढा किती?

सावेडीला आमच्या शेजारी एक काकू राहतात. त्यांच्या अंगणात कडुनिंबाचे मोठे झाड आहे आणि त्याच्या पार शेंड्यापर्यंत एक हिरवीगार वेल चढली आहे. कडुनिंबावरची गुळवेल सर्वांत गुणकारी, असे आपल्याकडे मानतात. २०२० साली करोनाची साथ आली, घरोघर काढे उकळू लागले आणि काकूंच्या फाटकाशी माणसांची रीघ लागली. कोणी वीतभर कांडे नेई, कोणी पिशवीभर. काकूंनी कोणालाही नाही म्हटले नाही. स्वतःही त्या रोज सकाळी अनशापोटी पेलाभर काढा घेत होत्या. एक महिना झाला, दोन झाले, तीन झाले. दिवाळीच्या सुमारास त्यांची अन्नावरची वासना उडाली. मग डोळे पिवळे दिसू लागले. रक्त तपासले तेव्हा यकृताला सूज असल्याचे कळले. नेहमीच्या काविळीचे विषाणू मात्र सापडेनात. तेव्हा डॉक्टरांनी विचारले, "काकू, बाहेरचे काही औषध घेता का?"

"बाहेरचे नाही हो, घरचेच. गुळवेलीचा काढा."

डॉक्टर क्षणभर थांबले. मग त्यांनी दोनच प्रश्न विचारले. वेल कोणती होती? आणि काढा किती घेत होतात?

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आमच्यापैकी कोणालाही देता आली नाहीत. सगळे म्हणत म्हणून ती गुळवेल. आणि मात्रा म्हणाल, तर "पेलाभर". काढा बंद झाला, पथ्यपाणी सांभाळले गेले आणि दीड-दोन महिन्यांत काकू बऱ्या झाल्या. काढ्यामुळेच हे झाले, असे छातीठोकपणे कोणी सांगितले नाही आणि मीही सांगत नाही. पण डॉक्टरांचे ते दोन प्रश्न मात्र माझ्या मनातून जाईनात. वनौषधींचा शास्त्रीय अभ्यास म्हणून जे काही जगभर चालते, ते सारे शेवटी याच दोन साध्या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी चालते, हे पुढे वाचत गेलो तसे लक्षात आले.

गुराख्याचे ज्ञान, वैद्याचे ज्ञान

आपला अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे परवापरवापर्यंतचा अहमदनगर, या अभ्यासासाठी जणू मुद्दाम आखलेला आहे. पश्चिमेला अकोले तालुका. तेथे १६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर, हरिश्चंद्रगड, रतनगड आणि घाटघरचा मुसळधार पाऊस. पूर्वेला आणि दक्षिणेला पाथर्डी, कर्जत, जामखेडची पर्जन्यछायेतली कोरडी माळराने. म्हणून एकाच जिल्ह्यात एका टोकाला हिरडा, बेहडा आणि दुसऱ्या टोकाला तरवड, गोखरू, भुईरिंगणी, अघाडा, रुई अशी दोन वेगळी औषधी दुकाने निसर्गाने थाटली आहेत.

अकोल्याच्या डोंगरात उन्हाळ्याच्या दिवसांत गेलात, तर घरांपुढे वाळत घातलेला काळपट, सुरकुतलेला माल दिसेल. तो बाळहिरडा. हिरड्याचे फळ आत आठळी धरण्याआधीच गोळा करून वाळवले, की त्याला बाळहिरडा म्हणतात. महादेव कोळी कुटुंबांचे वर्षाचे मीठमिरची त्यावर चालते. कोणते झाड कधी फळते, फळ कोणत्या दिवसांत उतरवायचे, कोणते ठेवायचे, हे त्या घरातल्या शाळकरी मुलीलाही ठाऊक असते.

चरकसंहितेने या ज्ञानाची फार प्रामाणिक दखल घेतली आहे. रानातल्या वनस्पती नावाने आणि रूपाने कोणाला ठाऊक असतात, तर शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्यांना, गुराख्यांना आणि वनात राहणाऱ्यांना, असे ग्रंथकार मोकळेपणाने सांगतो. मात्र नाव आणि रूप कळले म्हणजे उपयोग कळला असे नाही, हेही तो लगेच बजावतो. देश, काळ आणि रोग्याची प्रकृती पाहून ती वनस्पती कशी योजायची, हे ज्याला कळते तो खरा वैद्य. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी केलेली ही विभागणी आहे. धनगरवाड्यांच्या आपल्या जिल्ह्याला तर ती घरच्यासारखी वाटावी.

त्यातल्या दुसऱ्या ज्ञानाची परंपराही नगरला आहे. गंगाधरशास्त्री गुणे यांनी येथे आयुर्वेदाच्या शिक्षणाचा पाया घातला. त्यांच्या नावाने चालणाऱ्या महाविद्यालयाची स्थापना १९१७ सालची. औषधांच्या गुणधर्मांवर त्यांनी मराठीत ग्रंथ लिहिला. संस्कृतात अडकलेले ज्ञान मराठी विद्यार्थ्याच्या हाती यावे, ही त्यामागची तळमळ. त्यांच्या आधी शंकर दाजीशास्त्री पदे यांनी 'वनौषधिगुणादर्श' लिहून हेच काम केले होते. गुराखी आणि वैद्य या दोघांच्या शेजारी विसाव्या शतकात तिसरा माणूस येऊन बसला. तो प्रयोगशाळेतला. या तिघांचे जमले तर औषध हाती येते. त्यांची ताटातूट झाली, की काकूंच्या अंगणात घडले तसे काहीतरी घडते.

वेल कोणती?

पहिला प्रश्न ओळखीचा. तो वाटतो तितका सोपा नाही. शंखपुष्पी म्हणून कोणी विष्णुक्रांत देते, तर केरळात गोकर्णालाच शंखपुष्पी मानतात. ब्राह्मी मागितली तर एकीकडे पाणथळ जागची जाडसर, इवल्या पानांची वनस्पती मिळते, तर दुसरीकडे गोल पानांची मंडूकपर्णी. दोन्ही औषधीच, पण त्यांची कुळे वेगळी आणि आतली द्रव्येही वेगळी. काष्ठौषधींच्या दुकानात वाळलेली मुळी पुड्यात आली, की पान नाही, फूल नाही. मग ओळखायचे कशावरून?

या गोंधळाची किंमत किती मोठी असू शकते, हे बेल्जियममध्ये दिसले. १९९०च्या सुमारास ब्रुसेल्समधल्या एका वजन घटवण्याच्या दवाखान्यात स्त्रियांना चिनी वनस्पती असलेल्या गोळ्या दिल्या जात. काही काळाने त्यांतल्या अनेकींची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. शोध घेतला तेव्हा कळले, की चिनी भाषेत जवळजवळ एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या दोन मुळ्यांची अदलाबदल झाली होती. एक निरुपद्रवी होती. दुसरी ॲरिस्टोलोकिया या कुळातली. शंभराहून अधिक स्त्रियांना त्याचा फटका बसला आणि काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. या कुळातले आम्ल आज जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत मानवी कर्करोगाला कारण म्हणून नोंदले गेले आहे. आपल्याकडची ईश्वरी ऊर्फ सापसण ही याच कुळातली. सापाच्या विषावर म्हणून तिची मुळी देणारे आजही भेटतात. तेव्हा परंपरेने वापरात आहे म्हणून निर्धोक आहे, असा अर्थ काढता येत नाही. मूत्रपिंडाची हानी हळूहळू, वर्षानुवर्षांनी दिसते. मुळी देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला त्या दोहोंचा संबंध जोडता येणे अशक्यच.

म्हणूनच कोणत्याही वनौषधीचा अभ्यास सुरू होतो तो वाळवलेल्या नमुन्यापासून. फुला-फळांसह फांदी दाबून वाळवायची, जाड कागदावर चिकटवायची, कोठे व कधी मिळाली ते लिहायचे आणि ती जपून ठेवायची. पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या पश्चिम विभागाच्या संग्रहात असे नमुने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले आहेत. अहमदनगर जिल्ह्यातल्या वनस्पतींची शास्त्रीय जंत्री देणारा प्रधान आणि सिंह यांचा इंग्रजी ग्रंथ १९९९ मध्ये निघाला. असले ग्रंथ वाचायला रूक्ष असतात. पण "वेल कोणती?" या प्रश्नाचे उत्तर शेवटी त्यांच्याच पानांत सापडते.

आता गुळवेलीकडे वळू. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची हकिगत २०२१ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. केंद्राच्या आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली. रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरोखर गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी तिच्याच कुळातली दुसरी वेल, हे नीट तपासले गेले नाही, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांतल्या ४३ रुग्णांचा अहवाल आला. त्यातल्या बऱ्याच रुग्णांमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटल्याची लक्षणे होती. मंत्रालय आपल्या मतावर ठाम राहिले. गुळवेल योग्य मात्रेत निर्धोक आहे, असे त्याने पुन्हा सांगितले.

वादात कोणाचे किती खरे, हे ठरवण्याचा अधिकार तुम्हा-आम्हाला नाही. पण एक गोष्ट उघड आहे. दोन्ही पक्ष भांडत होते ते "कोणती?" आणि "किती?" याच प्रश्नांवर.

कसा आणि किती?

आपल्या आज्यांना हा दुसरा प्रश्न चांगला समजत होता. शार्ङ्गधरसंहितेत औषध काढण्याच्या पाच रीती सांगितल्या आहेत. स्वरस म्हणजे ताज्या पानांचा पिळून काढलेला रस. कल्क म्हणजे वाटून केलेला गोळा. क्वाथ म्हणजे काढा. हिम म्हणजे रात्रभर थंड पाण्यात भिजवून सकाळी गाळून घेतलेले पाणी. फांट म्हणजे चहासारखे उकळते पाणी ओतून झाकून ठेवलेले. काढ्याचे मापही ठरलेले. सोळापट पाणी घालून आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायचे. एकच पान पाच तऱ्हांनी वापरले, तर पाण्यात उतरणारी द्रव्ये वेगवेगळी असतात, हे आजच्या रसायनशास्त्रालाही मान्य आहे.

याचे सर्वांत नाट्यमय उदाहरण चीनमधले. हिवतापावर औषध शोधण्याच्या मोहिमेत थू योयो या विदुषी जुने ग्रंथ चाळत होत्या. आपल्या दवण्याच्या जातकुळीतली एक वनस्पती त्यांच्या हाती लागली, पण तिच्या अर्काचा गुण कधी येई, कधी येत नसे. सोळाशे वर्षांपूर्वीच्या एका पोथीत मात्र वेगळीच कृती होती. मूठभर पाला पाण्यात भिजवावा, पिळावा आणि तो रस प्यावा. त्यात उकळण्याचा उल्लेखच नव्हता. थू योयो यांना वाटले, उष्णतेने तर औषध नासत नसेल? त्यांनी कमी तापमानाला उकळणारे ईथर वापरून अर्क काढला आणि १९७१ मध्ये तो प्रयोगात लागू पडला. त्यातूनच आर्टेमिसिनिन मिळाले. २०१५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पोथीने दिशा दाखवली, प्रयोगाने खात्री केली. काढा केला असता, तर औषध चुलीवरच संपले असते.

आपल्या परसातला अडुळसाही असाच जगप्रवास करून आला आहे. खोकला झाला की आई अडुळशाची पाने आणायला पिटाळत असे. त्या पानांतले प्रमुख द्रव्य व्हॅसिसिन. त्याच्या रचनेवरून प्रेरणा घेऊन ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले आणि १९६०च्या दशकात बाजारात आले. त्याचेच पुढचे रूप म्हणजे ॲम्ब्रॉक्सॉल. खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांवर आज ही दोन नावे आढळतील. पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत व्हॅसिसिनचा अभ्यास झाला तेव्हा ते गर्भाशयाचे आकुंचन घडवते, असे आढळले. म्हणजे घरातल्या आजोबांच्या खोकल्याला जे पान चांगले, ते घरातल्या गर्भवती सुनेला देऊ नये. "कोणती?" आणि "किती?" यांच्या जोडीला येथे "कोणाला?" हा तिसरा प्रश्न येऊन उभा राहतो.

मोजमाप आले म्हणजे घरगुती उपचाराचा मान कमी होतो, असे मुळीच नाही. आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. खेड्यातल्या, पुष्कळदा निरक्षर असलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका बनवले. या कामासाठी १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जुलाबाने सुकलेल्या लेकराला मीठ-साखरेचे पाणी पाजायला या बायका गावाला शिकवत. लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. स्वयंपाकघरातल्याच दोन वस्तू. प्रमाण चुकले आणि मीठ जास्त झाले, तर तेच पाणी लेकराला अपाय करते. नेमके माप हेच तर त्या उपचाराचे मर्म आहे.

गुण येतो का?

ओळख पटली, मात्रा ठरली. तरीही एक प्रश्न उरतोच. खरेच गुण येतो का? "आम्हाला आला" हे उत्तर पुरेसे नाही. कारण सर्दी औषध घेतले तरी जाते आणि न घेतले तरी जाते. म्हणून रोग्यांचे दोन गट करतात. एकाला औषध, दुसऱ्याला तसेच दिसणारे पण औषध नसलेले काहीतरी. कोणाला काय मिळाले, हे रोग्यालाही ठाऊक नसते आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही. शेवटी चिठ्ठ्या उघडून हिशेब मांडायचा.

सर्पगंधेचे भाग्य अशाच चिकित्सक नजरेमुळे उजळले. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रोग्यांवर सर्पगंधा वापरून काटेकोर नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. देशोदेशीचे डॉक्टर खडबडून जागे झाले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्या मुळीतून रेसरपिन वेगळे काढले. उच्च रक्तदाबावर जगभर वापरल्या गेलेल्या आरंभीच्या औषधांपैकी ते एक. पुढे त्याने काही रोग्यांना औदासीन्य येते, असे दिसले, अधिक सुरक्षित औषधे आली आणि त्याचा वापर मागे पडला. यात कोणाचाही पराभव नाही. शास्त्र असेच पुढे सरकते.

गुग्गुळाची कथा जरा वेगळी. सुश्रुताच्या मेदोरोगाच्या वर्णनावरून बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी सशांवर प्रयोग केले. त्यांचा प्रबंध १९६६ चा. गुग्गुळाने रक्तातली चरबी कमी होते, असे त्यांना दिसले. त्यावरून आपल्याकडे औषधही बाजारात आले. परंतु २००३ मध्ये अमेरिकेत १०३ व्यक्तींवर आठ आठवडे चाचणी झाली, तेव्हा घातक समजले जाणारे कोलेस्टेरॉल घटण्याऐवजी किंचित वाढलेलेच आढळले. मग गुग्गुळ टाकाऊ म्हणायचा का? तसेही नाही. वेगळा आहार, वेगळी माणसे, वेगळी मात्रा. पण जे अनुकूल निघाले तेवढेच सांगायचे आणि प्रतिकूल निघाले ते पाठीमागे टाकायचे, ही सवय आपण सोडायला हवी. ग्रंथात सांगितलेल्या आयुर्वेदिक औषधांना नव्या ॲलोपॅथिक औषधांसारख्या माणसांवरच्या चाचण्या कायद्याने सक्तीच्या नाहीत. म्हणून तर ग्राहकाने अधिक डोळस व्हायचे.

झाड कोणाचे?

आतापर्यंतचे प्रश्न रोग्याचे झाले. शेवटचा प्रश्न डोंगरातल्या माणसाचा आहे. हे झाड कोणाचे आणि हे ज्ञान कोणाचे?

हळदीचे प्रकरण बहुतेकांना आठवत असेल. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले, जुने ग्रंथ आणि लेख पुराव्यादाखल मांडले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. सारा देश आनंदला. मात्र त्या लढाईत एक बोच होती. जे लिहिलेले होते, ते वाचले. जे अकोल्याच्या एखाद्या ठाकर म्हातारीच्या फक्त डोक्यात आहे, त्याचा पुरावा कोठून आणायचा?

सह्याद्रीत एक झाड आहे. त्याच्या उग्र दर्पामुळे लोक त्याला नरक्या म्हणतात. त्याचेच दुसरे नाव अमृता. एकाच झाडाला नरक आणि अमृत ही दोन्ही नावे मिळावीत, यातच त्याची सारी कहाणी आली. कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगाच्या पेशींना रोखणारे द्रव्य १९६६ मध्ये अमेरिकेत एका चिनी वृक्षातून वेगळे काढले गेले. ते काढणाऱ्या दोघांपैकी एक होते मन्सुख वाणी, जन्म नंदुरबारचा आणि शिक्षण मुंबई विद्यापीठाचे. टॅक्सॉल हे कर्करोगावरचे दुसरे विख्यात औषधही याच जोडीने शोधले. १९७२ मध्ये मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातल्या गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तेच कॅम्प्टोथेसिन आपल्या नरक्यात सापडले, आणि तेही चिनी वृक्षापेक्षा अधिक प्रमाणात. मूळ द्रव्य फार विषारी म्हणून सुरुवातीच्या चाचण्या थांबल्या होत्या. १९८५ मध्ये त्याची काम करण्याची रीत कळली आणि १९९६ मध्ये त्यापासून बनवलेल्या दोन औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली. देशोदेशीच्या रोग्यांना त्याचा लाभ झाला.

आणि झाडाचे काय झाले? द्रव्य खोडात आणि मुळांत. ते मिळवायचे म्हणजे झाड मुळासकट उपटायचे. सिंधुदुर्ग, कोल्हापूरच्या जंगलांतून नरक्याची चोरटी तोड होऊ लागली. तोडणाऱ्याच्या हाती मजुरी पडली आणि डोंगर मात्र उघडा झाला.

यावर उपाय नाहीत असे नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात औषधी आणि सुगंधी वनस्पतींवर संशोधन चालते. जे रानातून ओरबाडले जाते ते शेतात पिकवता आले, तर रान वाचेल आणि ओळखीचा प्रश्नही सुटेल, कारण शेतात काय लावले ते शेतकऱ्याला ठाऊक असते. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी जैवविविधता समित्या आणि लोकांच्या ज्ञानाच्या नोंदवह्या करायला सांगितल्या. वनस्पतीचा व्यापारी उपयोग करणाऱ्याने स्थानिकांना लाभाचा वाटा द्यावा, असेही म्हटले. २०२३ च्या दुरुस्तीने मात्र ग्रंथांत नोंदल्या गेलेल्या ज्ञानाचा उपयोग करणाऱ्यांना या वाट्यातून सूट दिली. हिरडा तर त्रिफळ्यात आहे आणि त्रिफळा ग्रंथात. मग बाळहिरडा वाळवणाऱ्या बाईच्या पदरात काय पडणार, ते निराळे सांगायला नको.

अकोले तालुक्यातल्याच कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणे जपले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईला २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांचे बियाणे टिकले, कारण ते त्यांनी पेरले आणि वाटले, आणि शेजारी संस्थेची माणसे नोंदी ठेवायला होती. औषधी वनस्पतींचेही तसेच व्हायला हवे. जाणते म्हातारे एकेक करून जात आहेत. प्रत्येकाबरोबर काही नावे, काही रूपे कायमची मिटतात. चरकाने ज्याला पहिली पायरी म्हटले, तीच ढासळली तर वरच्या मजल्यावरचे वैद्य आणि शास्त्रज्ञ उभे कशावर राहणार?

घरच्यापुरते

एवढे सगळे वाचून तुम्ही विचाराल, मग आम्ही करायचे काय? परसातला अडुळसा, कोरफड, तुळस उपटून टाकायची का? अजिबात नाही. वनस्पतीची खात्री असल्याशिवाय ती पोटात घेऊ नये. काढा महिनोन्‌महिने, रोजचा चहा म्हणून पिऊ नये. गर्भवती, तान्ही मुले, यकृताचे वा मूत्रपिंडाचे रोगी यांना जाणत्या वैद्याला विचारल्याविना काही देऊ नये. आणि डॉक्टरांकडे गेल्यावर काढ्याची गोष्ट लपवू नये. संकोच वाटतो, डॉक्टर रागावतील असे वाटते, म्हणून पुष्कळजण गप्प बसतात. काकूही आधी गप्पच होत्या.

मध्यंतरी त्यांच्याकडे गेलो होतो. कडुनिंबावर वेल अजून आहे. काढून टाकावी असे मुलाचे म्हणणे होते, पण काकूंनी ऐकले नाही. त्यांनी वेगळेच केले. वेल फुलावर आली तेव्हा नातीकडून तिची एक फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवून घेतली आणि नात कॉलेजात शिकते तेथल्या वनस्पतिशास्त्राच्या बाईंना दाखवायला पाठवली. उत्तर यायचे आहे. तोवर फाटकाशी कोणी कांडे मागायला आले, तर काकू नाही म्हणतात. सुरुवातीला लोकांना राग यायचा. आता त्या समजावून सांगतात, "अहो, कोणती आहे ते कळू दे. मग किती घ्यायची ते वैद्यांना विचारा. मग न्या हवी तेवढी."